पटावरची नोंद आणि पदरातील गुण

बोरी अरबसारख्या गावी आपले मूल पाचवी ते आठवीच्या वर्गात शिकते, तेव्हा शाळेचे दप्तर त्याच्याविषयी दोन गोष्टी सांगते : ते कोण आहे, आणि ते किती शिकले. दोन्ही वाचणे पालकांचे कर्तव्य आहे.

धर्मापुढे ‘बौद्ध’ लिहिल्यास सवलत जाईल, हे भय आता निराधार आहे. बाबासाहेबांनी १९५६ साली दीक्षा घेतली. केंद्राने बौद्धांना अनुसूचित जातीत स्थान दिले ते १९९० साली. म्हणून धर्म लपवू नका. पूर्वीच्या जातीची नोंदही गाळू नका, कारण जातीच्या दाखल्यास तीच पुरावा ठरते. नोंद चुकली असेल तर मूल शाळेत असतानाच मुख्याध्यापकांकडे लेखी अर्ज करा.

परंतु नोंद हक्काचे दार उघडते. आत जाण्यास गुणच लागतात. ‘आठवीपर्यंत नापास करीत नाहीत’ या भरवशावर राहू नका. २०१९ साली कायदा बदलला. २०२३ साली महाराष्ट्रानेही पाचवी व आठवीसाठी नियम बदलले. पुनर्परीक्षेतही जो अनुत्तीर्ण होईल, तो त्याच वर्गात राहील.

तेव्हा या महिन्यात एकदा शाळेत जा. पट पाहा, प्रगतिपुस्तक मागा. आपण बदललेला धर्म मुलांच्या अभ्यासातूनच सिद्ध व्हावयाचा आहे.