ओटा कुणाच्या मापाचा?

वर्षभर या पानावर मी शब्दांच्या कुळकथा सांगतो. दिवाळी अंकात तरी मास्तरकी नको, असा संपादकांचा प्रेमळ निरोप आला, म्हणून यंदा दगडाविषयी लिहायला घेतले आहे. पण जित्याची खोड! सुरुवात शब्दापासूनच होणार.

ओटा हा मूळचा घराबाहेरचा. गावी आमच्या आजोबांच्या दारापुढे शेणाने सारवलेला प्रशस्त ओटा होता. संध्याकाळी त्यावर आजोबा आणि त्यांचे सोबती बसत, सुपारी कातरत आणि जगाचे निवाडे करीत. आत आजी चुलीपुढे पाटावर बसून भाकऱ्या थापी. पुढे स्टो आला, गॅस आला, विस्तव जमिनीवरून उठून कमरेइतका उंच झाला, आणि त्याच्याखालच्या कट्ट्यालाही आपण ओटाच म्हणू लागलो. शब्द आत आला खरा, पण येताना अर्थ पालटला. बाहेरच्या ओट्यावर पुरुष बसत. आतल्या ओट्यापुढे बाई उभी असते. शब्दांवर पोट भरणाऱ्या माझ्या हे ध्यानात यायला चव्वेचाळीस वर्षे लागली. ते कसे आले, तेच सांगायचे आहे.

आमच्या स्वयंपाकघरातला ओटा कडप्प्याचा. वडिलांनी घर घेतले तेव्हा बसवलेला. यंदा चैत्रात तो मोरीच्या बाजूला तडकला आणि घरात गोलमेज परिषद भरली.

"बाबा, पांढरा क्वार्ट्झ! मैत्रिणीकडे आहे. कसला सुंदर दिसतो!" कन्या म्हणाली.

"कडप्पाच बसवा परत. तीस वर्षं काही मागितलं नाही त्यानं," आई म्हणाली.

मी मासिकातली चित्रे पाहून संगमरवराचा पक्ष घेतला. ही काहीच बोलली नाही. हिचे मौन म्हणजे संमती, असा माझा अठरा वर्षांचा समज आहे.

दगडाच्या वखारीत आम्ही सगळेच गेलो. दुकानदार मोठा बोलका होता. कडप्पा हा आंध्रातल्या कडप्पा जिल्ह्याच्या नावावरून, शहाबादी फरशी कर्नाटकातल्या शहाबादची, कोटा राजस्थानातला. तिन्ही चुनखडीच्याच जातीचे. एकीकडे तांबड्या ग्रॅनाइटच्या लाद्या उभ्या होत्या. "हा इरकलचा," तो म्हणाला. आईने चमकून विचारले, "लुगड्यांचं इरकल?" तेच ते. आईने लादीवरून असा हात फिरवला, जणू पदराचा पोत पाहते आहे. गंमत अशी, की आपल्या पायाखालचा काळा पाषाण पाट्या-वरवंट्याला आणि जात्याला चालला. ओट्याला मात्र दगड बहुधा परमुलखातूनच येतो.

मी भाव विचारू लागलो, तोच हिने तोंड उघडले. "अहो, भाव नंतर. आधी सगळ्यांचे तुकडे घरी द्या म्हणावं."

त्या रात्री आमच्या घरी दगडांची परीक्षा झाली, आणि परीक्षक मी नव्हतो. हिने प्रत्येक तुकड्यावर लिंबाची फोड पालथी घातली, शेजारी तेलात कालवलेली हळद ठेवली आणि लोखंडी तवा तापवून एकेकावर टेकवला. सकाळी निकाल लागला. संगमरवरावर लिंबाच्या आकाराचे निस्तेज वर्तुळ उमटले होते. तो आणि कडप्पा दोघांचाही पिंड चुन्याचा; आंबट लागले की झिलई जाते. आमच्या जुन्या ओट्यावर जिथे आई आमसुले भिजत घाली, तिथे पांढुरका डाग का पडला होता, ते कोडे त्या दिवशी सुटले. कडप्पा उन्हातान्हाला कणखर, स्वस्त आणि मुकाट. पण पापुद्रे सुटतात, कडा झडतात, आणि रूप राखायचे तर अधूनमधून तेलाचा हात लागतो.

क्वार्ट्झला लिंबू बाधले नाही, हळदही पुसून निघाली. तव्याने मात्र पिवळट चट्टा दिला. कारण हा अखंड दगड नव्हे. गारेचा चुरा राळेसारख्या कृत्रिम पदार्थात घट्ट बसवून त्याच्या लाद्या करतात. चुरा बहुधा नव्वद टक्क्यांच्या वर. दगडाला आच सोसते, त्या चिकट पदार्थाला सोसत नाही.

कन्या हिरमुसली. पण दुसऱ्या दिवशी तिनेच एक बातमी शोधून आणली. असल्या लाद्या कोरड्या कापताना जी बारीक धूळ उडते, ती कारागिरांच्या फुप्फुसात जाऊन बसते आणि तिथून पुन्हा निघत नाही. त्या रोगाला सिलिकोसिस म्हणतात आणि त्यावर उतारा नाही. ऑस्ट्रेलियाने 1 जुलै 2024 पासून असल्या लाद्यांचे उत्पादन, विक्री आणि बसवणेच बंद केले. "मग नकोच," ती म्हणाली. मला तिचे कौतुक वाटले. ग्रॅनाइटच्या धुळीतही ते विष असतेच, प्रमाण कमी एवढेच. म्हणून आम्ही दुकानदाराला अट घातली, की कापाकापी वखारीतच, पाणी सोडून होईल. आमच्या गॅलरीत नाकाला रुमाल बांधून नव्हे.

उरला ग्रॅनाइट. पृथ्वीच्या पोटात तप्त रस हळूहळू निवून झालेला हा दगड. त्याला तव्याचे भय नाही, सुरीचा ओरखडा नाही, लिंबाची तमा नाही. मात्र फिक्या रंगाचा ग्रॅनाइट थोडे पाणी पितो, आणि पाण्यामागून हळद-तेल. घ्यायच्या आधी त्यावर पाण्याचे चार थेंब टाकून पंधरा मिनिटे थांबावे. खालचा दगड काळवंडला तर तो तहानलेला समजावा आणि त्यावर रक्षक लेप द्यावा. काळ्याभोर लादीवर पांढऱ्या फडक्याने नखांचा रंग काढायचे ॲसिटोन चोळून पाहावे. फडके काळे झाले तर रंग दगडाचा नव्हे, दुकानदाराचा. आमच्या दुकानदाराचे फडके पांढरेच राहिले, हे त्याच्या बाजूने सांगितले पाहिजे. आणि सांधा मोरीजवळ किंवा शेगडीच्या भोकाजवळ येऊ देऊ नये. लादी तिथेच नाजूक असते.

इरकलचा तांबडा दगड ठरला. दुकानदाराने वही उघडून विचारले, "ओट्याची उंची?"

"आहे तीच. एकतीस इंच," मी बाणेदारपणे म्हणालो.

"थांब," आई म्हणाली. "एकतीस हे माझं माप आहे. ह्यांनी मला उभं करून, कोपरापासून मोजून गवंड्याला सांगितलं होतं. मी चार फूट अकरा इंच. हिच्याकडे बघ जरा."

मी बघितले. ही साडेपाच फूट आहे, हे मला लग्नाआधीपासून माहीत होते. संध्याकाळी ही पाठीला शेकाची पिशवी लावून बसते, हेही माहीत होते. या दोन गोष्टींची बेरीज करणे मात्र मला कधी सुचले नाही. कार्यालय सांभाळून अठरा वर्षे दोन वेळा ही त्या एकतीस इंचांवर वाकत होती, आणि मी शेजारच्या खोलीत बसून 'वाकणे' या क्रियापदाच्या अर्थच्छटा वर्गासाठी टिपत होतो.

"तू कधी बोलली नाहीस," मी म्हणालो.

"तुम्ही कधी विचारलं नाहीत," ही म्हणाली. आवाजात राग नव्हता. म्हणूनच फार लागले.

दुकानदाराने मुकाट्याने टेप माझ्या हातात दिला. हिला ताठ उभी केली, कोपर काटकोनात, आणि जमिनीपासून कोपरापर्यंत मोजले. त्यातून पाचएक इंच वजा करायचे. चिरायला, मळायला ती उंची योग्य. छत्तीस भरले. शेगडीखालचा भाग तीन इंच खाली घेतला, कारण शेगडी आणि तिच्यावरचे पातेले आपली उंची वर आणतातच.

नवा ओटा झाला त्याला आता पाच महिने झाले. पाठ एकदम बरी झाली, असे मी म्हणणार नाही. अठरा वर्षांचे दुखणे पाच महिन्यांत जात नाही. पण शेकाची पिशवी आता रोज निघत नाही. मला मात्र त्या ओट्यावर पोळ्या लाटताना खांदे जरा उचलावे लागतात, कारण मी हिच्याहून दोन इंच बुटका. तक्रार करायची सोय नाही. माप मीच घेतले होते.

आणि तो जुना कडप्पा? फुटका भाग कापून उरलेली लादी गॅलरीत दोन विटकरी कट्ट्यांवर बसवली. सकाळी आई तिच्यावर बसून भाजी निवडते. संध्याकाळी कुकरची शिट्टी मोजायला मला आत ठेवून ही तिथे जाऊन बसते, आईच्या शेजारी. दोघी जगाचे निवाडे करीत असाव्यात. मधूनमधून माझे नाव ऐकू येते.

ओटा पुन्हा घराबाहेर आला आहे. बसणारी माणसे तेवढी बदलली.