कोल्हापुरी पायताण आणि कीवर्डचा जप

सर्च इंजिन ऑप्टिमायझेशन, म्हणजे व्यवसायाच्या बोलीत 'एसईओ', हा विषय साहित्यचर्चेत आणल्याबद्दल काहींच्या कपाळाला आठ्या पडतील. पडोत. दुकानदाराचे संकेतस्थळ शोधयंत्राला कसे सापडावे, ही बाब आपण तांत्रिक म्हणून सोडून दिली. ती मुळात भाषिक आहे, हे ज्यांना सर्वांआधी उमगायला हवे होते ते मराठीचे अध्यापक आणि समीक्षकच तिच्याबाबत सोवळे पाळून बसले. परिणामी मराठी बाजाराचे गद्य अशा मंडळींच्या हाती गेले, ज्यांच्या लेखी शब्द म्हणजे यंत्रापुढे टाकायचा चारा.

कोल्हापुरी चप्पल घ्या. 'आपण कोल्हापुरात सर्वोत्तम कोल्हापुरी चप्पल शोधत आहात? आमच्या कोल्हापुरी चप्पल दुकानात अस्सल कोल्हापुरी चप्पल योग्य दरात उपलब्ध आहे.' हा नमुना प्रस्तुत लेखकाने रचलेला आहे, परंतु वाचकांना तो ओळखीचा वाटेल. कारण याच साच्यातून पैठणीही निघते, हापूसही निघतो आणि दंतवैद्यही निघतो. दोन वाक्यांत चपलेचे नाव तीनदा येते आणि चपलेविषयी एक अक्षर कळत नाही. यालाच एसईओ म्हणतात, असे दुकानदाराला सांगितले जाते आणि त्याचे दरमहा पैसे घेतले जातात.

या जपाला एकेकाळी आधार होता. १९९०च्या दशकातील शोधयंत्रे पानावरचे शब्द मोजत, तेव्हा पुनरुक्तीला भाव होता. १९९८ मध्ये स्टॅनफर्डच्या लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी वेगळी कल्पना मांडली: इतर पाने ज्या पानाकडे दुवा देतात, आणि त्यातही वजनदार पाने देतात, ते पान महत्त्वाचे. ही कल्पना आपल्याला परकी वाटू नये. शोधनिबंधात कोणाचा संदर्भ कोण देतो, यावरून प्रतिष्ठा ठरवण्याच्या विद्यापीठीय रिवाजाशीच तिचे नाते आहे. फेब्रुवारी २००६ मध्ये बीएमडब्ल्यूचे जर्मन संकेतस्थळ गूगलने काही दिवस यादीतून काढून टाकले, कारण केवळ यंत्राला दिसावीत अशी शब्दांनी ठासलेली पाने त्यात आढळली. सप्टेंबर २००९ मध्ये, पानाच्या पोटात लपवलेली कीवर्डांची यादी क्रमवारीसाठी आपण विचारातच घेत नाही, असे गूगलने जाहीर केले. पहिल्या क्रमांकाची हमी कोणीच देऊ शकत नाही, हेही ती कंपनी व्यावसायिकांना स्वतः सांगत आली आहे. तरीही हमीचा व्यापार जोरात आहे. गंडेदोरे विकणाऱ्यांनाही कधी गिऱ्हाइकाची वाण पडली नाही म्हणा.

मग दुकानदाराने करावे काय? मूलतत्त्वे थोडी आहेत. पानाच्या शीर्षकात वस्तू, गाव आणि दुकानाचे नाव असावे. पत्ता, वेळ आणि दूरध्वनी खरे असावेत, सर्वत्र एकसारखे असावेत. पान मोबाइलवर चटकन उघडावे. छायाचित्राखाली ते कशाचे आहे हे लिहावे. आणि मजकूर मजकूर म्हणून असावा! आपल्याकडे वर्षानुवर्षे मराठी पाने जुन्या, युनिकोडपूर्व टंकांत छापली गेली. डोळ्यांना देवनागरी दिसे, यंत्राला मात्र रोमन अक्षरांचा भुगा मिळे. तो काळ सरला असे म्हणावे, तर आज दरपत्रक चित्र म्हणून चिकटवले जाते. शोधणाऱ्याच्या दृष्टीने ते जवळपास न लिहिल्यातच जमा.

इथवरचे काम एका दुपारचे आहे. खरे काम त्यानंतरचे, आणि ते वर्णनाचे आहे. कोल्हापुरी हे एक नाव आहे, त्याच्या पोटात कापशी आहे, कचकडी आहे, पुकरी आहे. कातडे म्हशीचे की बैलाचे, ते बाभळीच्या सालीने आणि हिरड्याने कमावलेले आहे का, तळ चामड्याच्या वादीने शिवला आहे की खिळे मारले आहेत? नवे पायताण चावते, मग तेल कधी लावायचे? पावसात घालावे का? रुंद पायाला कोणता प्रकार बसतो? गिऱ्हाईक दुकानात उभे राहून हेच विचारते आणि कारागीर त्याला नेमक्या शब्दांत उत्तर देतो. ती उत्तरे पानावर मात्र येत नाहीत, कारण पान लिहिणाऱ्याने कारागिराला विचारलेलेच नसते.

यावर आक्षेप ठरलेला आहे: लोक 'कापशी' शोधत नाहीत, 'कोल्हापुरी चप्पल' शोधतात. मान्य. तो शब्द शीर्षकात घ्या, मजकुरात जिथे सहज येईल तिथे येऊ द्या. पण त्या एका शब्दावर देशभरच्या मोठ्या विक्रीस्थळांशी झुंजून एका गल्लीतले दुकान वर येणार नाही. 'रुंद पायासाठी कापशी' असे विचारणारे थोडे असतील. मात्र त्यांना उत्तर देणारी पानेही थोडी आहेत, आणि असे विचारणारा माणूस बहुधा विकत घ्यायलाच निघालेला असतो.

जून २०२५ मध्ये मिलान येथील प्रदर्शनात प्राडाने कोल्हापुरीसारख्या चपला नाव न घेता मांडल्या, तेव्हा आपण संतापलो, आणि ते योग्यच झाले. पुढे त्या कंपनीला भारतीय परंपरेचे ऋण मान्य करावे लागले. परंतु परक्याने नाव गाळले याचा राग येणाऱ्या आपल्याला, आपल्याच पानांवर ते नाव उगाळून पोकळ केले जाते याचे काहीच वाटत नाही. भौगोलिक मानांकन महाराष्ट्राच्या चार आणि कर्नाटकाच्या चार जिल्ह्यांतील कारागिरांना मिळाले आहे. त्या मानांकनाचा अर्थ गिऱ्हाइकापर्यंत नेणारे गद्य लिहायचे कोणी?

आज ते आपलेच विद्यार्थी लिहितात. मराठीत एम. ए. झालेली मुले शब्दामागे काही पैसे घेऊन 'कंटेंट' पाडतात. कोणता कीवर्ड किती वेळा यावा, याचा आकडा त्यांना वरून येतो. हे कामही आता जात आहे, कारण तसला मजकूर यंत्र फुकट लिहून देते. मार्च २०२४ मध्ये गूगलने क्रमवारीसाठी घाऊक पाडलेल्या मजकुराविरुद्ध, मग तो माणसाने पाडलेला असो वा यंत्राने, धोरण जाहीर केले. म्हणजे जे शिकवायला नको होते ते कालबाह्य होते आहे, आणि जे शिकवायला हवे ते आपण अजून अभ्यासक्रमात घेतलेले नाही. 'उपयोजित मराठी'च्या तासाला आजही बहुधा वर्तमानपत्रातल्या चौकटीची जाहिरात लिहून घेतली जाते.

त्याऐवजी विद्यार्थ्याला गावातल्या एका कारागिराकडे, सुताराकडे वा मसालेवालीकडे पाठवावे. गिऱ्हाईक काय विचारते ते तासभर ऐकून त्याच शब्दांत टिपून आणायला सांगावे. मग दहा शब्दांचे शीर्षक, दोन ओळींचा परिचय आणि तीनशे शब्दांचे वर्णन. गुण देताना 'सर्वोत्तम', 'अस्सल' आणि 'दर्जेदार' या प्रत्येक शब्दामागे एक गुण कापावा, आणि तपासायला तो कागद आधी त्या कारागिराकडेच द्यावा.