बाप्तिस्मा न झालेल्यांचं काय?



गेल्या महिन्यात माझी कॉलेजात जाणारी भाची घरी आली ती गप्पगप्पच. तिच्या कॅथलिक मैत्रिणीच्या बहिणीचं बाळ जन्मल्यावर काही तासांतच गेलं. बाप्तिस्मा राहून गेला. त्या घरची आजी सारखी विचारत होती, "बाळ देवाकडे पोचलं असेल ना?" भाचीने मला विचारलं, "मावशी, त्यांच्या धर्मात याचं उत्तर काय?"

प्रश्न फार जुना आहे आणि त्याचा एक धागा आपल्या जुन्या गोव्याशी जुळतो. बॉम जेझूच्या बासिलिकेत ज्यांचं शव आहे, ते सेंट फ्रान्सिस झेवियर १५४९ ते १५५१ या काळात जपानमध्ये होते. १५५२ साली कोचीहून लिहिलेल्या पत्रात ते सांगतात, की नव्याने ख्रिस्ती झालेले जपानी लोक आपल्या मृत आईवडिलांसाठी, मुलांसाठी रडत. त्यांना नरकातून सोडवता येईल का, असं विचारत. झेवियर म्हणत, नाही. त्यांचं रडणं पाहून त्यांनाही वाईट वाटे, पण उत्तर बदलत नसे.

या कठोरपणाला आधार होता. पाणी आणि आत्मा यांतून जन्म घेतल्याशिवाय देवाच्या राज्यात प्रवेश नाही, असं येशूचं वचन योहानाच्या शुभवर्तमानात आहे. तिसऱ्या शतकात कार्थेजचे बिशप सिप्रियन यांनी चर्चबाहेर तारण नाही, असं सांगितलं. बाप्तिस्म्याविना गेलेल्या बाळांसाठी मध्ययुगातल्या पंडितांनी 'लिंबो' मानला. तिथे यातना नाहीत, पण देवाचं दर्शनही नाही.

पण चर्चमध्ये दुसरा विचारही तितकाच जुना आहे. ३९२ साली सम्राट दुसरा व्हॅलेंटिनियन बाप्तिस्म्याआधीच मरण पावला. मिलानचे बिशप अँब्रोज यांनी त्याच्या बहिणींचं सांत्वन केलं, की ज्याने बाप्तिस्मा मागितला होता त्याला ती कृपा मिळालीच. यालाच पुढे 'इच्छेचा बाप्तिस्मा' म्हणू लागले. १५४७ साली, म्हणजे झेवियर जपानला पोचण्याच्या दोनच वर्षं आधी, ट्रेंटच्या धर्मसभेनेही बाप्तिस्मा 'किंवा त्याची इच्छा' असे शब्द वापरले.

मग ज्यांनी बाप्तिस्म्याचं नावच ऐकलं नाही, त्यांचं काय? विसाव्या शतकात अमेरिकेतल्या बोस्टनला यावरून मोठा वाद पेटला. फादर लेनर्ड फीनी ठामपणे सांगत, की कॅथलिक चर्चबाहेर कुणीच तरत नाही. १९४९ साली रोमने पत्र पाठवून कळवलं, की अजाणतेपणी बाहेर राहिलेल्या माणसाची देवाच्या इच्छेप्रमाणे वागण्याची मनापासूनची ओढही पुरू शकते. फीनी बधले नाहीत. रोमला बोलावलं तरी गेले नाहीत. १९५३ साली त्यांना बहिष्कृत केलं गेलं, १९७२ साली पुन्हा जवळ घेतलं. दरम्यान १९६४ साली दुसऱ्या व्हॅटिकन धर्मसभेने हाच उदार विचार अधिकृतपणे मांडला.

आणि बाळं? २००७ साली व्हॅटिकनच्या ईशज्ञान आयोगाने सांगितलं, की त्यांच्या तारणाची आशा धरायला भक्कम कारणं आहेत. शब्द 'आशा' आहे, 'खात्री' नाही.

म्हणजे बाप्तिस्मा नसला तरी चालतो, असं चर्च म्हणत नाही. उलट जीव धोक्यात असेल तर कुणीही, अगदी हिंदू नर्ससुद्धा, चर्चच्या हेतूने पाणी ओतून ठरलेले शब्द म्हणाली तर तो बाप्तिस्मा खरा मानतात. देवाने तारण या संस्काराशी बांधलं, पण तो स्वतः त्यात बांधला गेलेला नाही, असा हा विचार आहे.

भाचीला मी एवढंच म्हटलं, "त्या आजीला वाद सांगू नकोस. त्यांच्याच चर्चने आशा धरायला सांगितलंय, एवढं सांग." आपल्याकडेही दात न आलेल्या बाळाला अग्नी देत नाहीत. लहानग्यांपुढे नियम थोडा वाकवावा, हे आपल्या जुन्या माणसांनाही कळत होतंच की!

भेटू पुढच्या अंकात.