तार टेकते कुठे?

गेल्या महिन्यात लातूरला गेले, तर आत्याबाई तीन उशा पाठीशी घेऊन बसल्या-बसल्याच झोपत होत्या. पाय इतके सुजलेले की जोडवी बोटांत रुतलेली. "वय झालं गं," एवढंच म्हणाल्या. सहा वर्षांपूर्वी पेसमेकर बसवला तेव्हापासून आम्ही निर्धास्त होतो. मला वाटलं, सेल उतरला असेल. सेल ठणठणीत निघाला. थकलं होतं ते हृदय.

डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून सांगितलं. पेसमेकरची तार बहुधा हृदयाच्या उजव्या खालच्या कप्प्यात टेकवतात. तिथून ठोका स्नायूतून मुरत मुरत डावीकडे जातो. एक बाजू आधी आकसते, दुसरी मागाहून, आणि काहींचं हृदय त्यानेच दुबळं होत जातं. काहींचंच हं! या भीतीने कुणी पेसमेकर नाकारू नये.

यावर रुळलेला उपाय म्हणजे आणखी एक तार शिरेतून डाव्या बाजूला नेऊन दोन्ही कप्पे एकदम चालवायचे. दुसरा उपाय मला शेतकऱ्याची लेक म्हणून चटकन कळला. वाफा मधेच फोडण्यापेक्षा पाणी पाटानेच सोडावं! ठोका वाहून नेणारा असा पाट हृदयात मुळातच असतो. विल्हेल्म हिस यांनी १८९३ मध्ये त्याचं वर्णन केलं. कायमची तार थेट तिथेच बसवण्याचा अनुभव २००० साली अमेरिकेत छापून आला, आणि त्या लेखावर पहिलं नाव प्रमोद देशमुख! (आडनाव वाचून मला उगीचच माहेरचं कुणी भेटल्यासारखं वाटलं.) १८ रुग्णांपैकी १२ जणांना कायमची तार बसली. जागाच इवलीशी. पुढे २०१७ मध्ये चीनमधल्या डॉक्टरांनी मधल्या पडद्यात खोल, पाटाच्या डाव्या फाट्यापाशी तार रोवून दाखवली. ती बसवायला त्यामानाने सोपी. पण दोन्ही कप्प्यांच्या उपायाचा अनुभव जास्त वर्षांचा. कुणाला काय चालेल ते ईसीजी आणि इको पाहूनच ठरतं.

तोवर घरचं काम माझ्याकडे. रोज सकाळी पोटात काही जाण्याआधी वजन. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं की डॉक्टरांना फोन. पापड, लोणचं, सांडगी मिरची बंद. यावरून मात्र आमचं रोज वाजतं!

पुन्हा चिरायचं म्हणून आत्याबाई अजून राजी नाहीत. काल मात्र स्वतःच पाटी-पेन्सिल पुढे सरकवून म्हणाल्या, "तो पाट कुठं असतो म्हणालीस? काढून दाखव बरं."