गालिच्यावरचे पट्टे पाहून पैसे देऊ नका

भिंगारमध्ये मी गालिचे धुण्याचं काम करते. मंगल कार्यालयं, दवाखाने, छावणीलगतचे बंगले ही आमची गिऱ्हाइकं. मशीन फिरून झालं की गालिच्यावर फिकट-गडद पट्टे उमटतात. काही जण ते बघून खूश होतात, ‘आता कसं काम झाल्यासारखं वाटतं!’ काही जण तेच पट्टे दाखवून ‘डाग राहिले’ म्हणत पैसे कापतात. दोघंही चुकीच्या गोष्टीकडे बघताहेत.

मशीन गरम पाणी आणि साबण लवीत सोडतं आणि लगेच ओढून घेतं. मशीनचं तोंड ज्या दिशेला ओढावं त्या दिशेला ओली लव झोपते. आपल्याकडे झुकलेल्या लवीची टोकं दिसतात, ती गडद वाटतात. पलीकडे झुकलेली फिकट. मखमलीवर बोट फिरवलं तरी हेच दिसतं. खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभे राहा, गडद पट्टा फिकट होईल. मळ असता तर नुसती जागा बदलून रंग बदलला नसता.

तेव्हा पट्टे आखीव आले म्हणून मळ निघाला असं होत नाही. आमच्या भागात तर नाहीच. नगर जिल्हा कमी पावसाचा, त्यात पाथर्डी रस्त्याची वर्दळ. गालिच्यात मुरते ती कोरडी, बारीक धूळ. पाणी मारण्याआधी ती व्हॅक्युमनं सावकाश, आडवी-उभी काढावी लागते. राहिली तर तिचा तळाशी चिखल होतो आणि गालिचा वाळताना वर येतो. काल लख्ख दिसलेला गालिचा मग कळकट दिसू लागतो.

धुऊन झाल्यावर, लव ओली असतानाच, ती दाताळ्यानं किंवा लांब दांड्याच्या ब्रशनं एका दिशेला विंचरावी लागते. पुष्कळ जण याला नट्टापट्टा समजतात. माझ्या मते हे धुण्याचंच काम आहे. मोकळ्या, उभ्या लवीत वारा शिरतो, गालिचा लवकर वाळतो. तळ ज्यूटचा असेल आणि फार वेळ ओला राहिला तर तपकिरी डाग वर चढतात. शिवाय विंचरताना हात सगळीकडे फिरतो. सुटलेला कोपरा, चिकटलेलं च्युइंगगम तेव्हाच सापडतं. अर्थात सगळ्यांना एकच दाताळं चालत नाही. फासांच्या विणीचं कार्पेट असेल तर फास ओढले जातात. ओली लोकर जोरात घासली तर पिंजते. आणि सोफ्यापुढे वर्षानुवर्षं पायांखाली दबलेली लव कितीही विंचरली तरी पुरती उठत नाही, हे गिऱ्हाइकाला कामाआधीच सांगायला हवं.

विंचरण्याचं हे काम टाळलं जातं ते दरामुळे. भाव चौरस फुटावर ठरतो, आणि संध्याकाळच्या लग्नाचं वऱ्हाड दुपारीच कार्यालयाच्या दारात असतं. पोरं मशीन गुंडाळून पुढच्या कामावर पळतात. त्यांना तरी काय बोलणार?

कार्यालयवाल्यांना आणि घरधन्यांना माझं सांगणं आहे. भाव ठरवताना तीन गोष्टी विचारा: आधी व्हॅक्युम नीट करणार का, टाकीत ओढलेलं घाण पाणी दाखवणार का, शेवटी लव विंचरून देणार का. तिन्ही करणाऱ्याला चार पैसे जास्त द्या आणि गालिचा वाळायला वेळ द्या. तोवर त्यावर लोखंडी खुर्च्या मांडू नका. गंजाचा डाग आम्हालाही सहजासहजी काढता येत नाही.