वाऱ्याची वीज आणि आपली पुंजणी



‘सौर वीज म्हणजे अहिंसक वीज’ हे वाक्य हल्ली संघाच्या ग्रुपवर सुविचारासारखं फिरतं. छपरावर पॅनेल लागली की बिल कमी आणि वर पुण्य जमा! हे वाक्य निम्मं खरं आहे. उरलेल्या निम्म्याबद्दल आज लिहायचं आहे.

आधी खरं काय ते. श्रावकाने टाळायच्या पंधरा कर्मादानांत पहिलंच नाव इंगालकर्माचं. कोळसा पाडून, भट्ट्या लावून, अग्नीच्या आरंभावर पोट भरायचं नाही. आणि आपल्या घरातली वीज अजून मुख्यतः कोळशाचीच. भद्रेश्वरच्या यात्रेला जाऊन आलेल्यांना ठाऊक असेल, तिथून मुंद्रा किती जवळ आहे. त्या किनाऱ्यावर कोळशाची दोन अवाढव्य केंद्रं आहेत. एकट्या टाटांचंच ४००० मेगावॅटचं. त्या केंद्रामुळे समुद्राचं पाणी तापलं, मासे गेले, अशी तक्रार घेऊन तिथले मच्छीमार आणि शेतकरी थेट अमेरिकेच्या न्यायालयात गेले. कारण प्रकल्पाला कर्ज देणारी संस्था तिथली. कर्ज देणाऱ्यावर खटलाच चालू शकत नाही असं नाही, हे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये मान्य केलं. तेव्हा कोळशापेक्षा वारा आणि ऊन बरं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

पण आता भद्रेश्वरहून पश्चिमेला अबडासात चला. सुथरी, कोठारा, जखौ, नलिया, तेरा, आपली पंचतीर्थी. देरासराच्या शिखरामागे आता पवनचक्क्यांची पाती फिरताना दिसतात. समुद्राचा वारा आणि मोकळं माळरान, त्यामुळे जागा सोयीची. (पवनचक्क्या काही आजच्या नाहीत. देशातल्या पहिल्या काही १९८६ मध्ये लागल्या, त्यांत ओखा होतं आणि आपलं रत्नागिरीही.) याच माळरानावर माळढोक राहतो. नलियाजवळ त्याच्यासाठी अभयारण्यही आहे, पण जेमतेम दोन चौरस किलोमीटरचं.

माळढोक म्हणजे पंधरा किलोपर्यंत वजनाचा पक्षी. डोळे डोक्याच्या दोन बाजूंना, त्यामुळे उडताना नाकासमोरचं नीट दिसत नाही. समोर वीजवाहिनीची तार आली की एवढं जड शरीर ऐनवेळी वळवता येत नाही. अंडं एका वेळी बहुधा एकच. अशा पक्ष्याची एक मादी तारेवर आदळून मेली, तर ती जागा भरून यायला किती वर्षं लागतील, याचा हिशोब कुठल्याही आईला मांडता येईल. कच्छमध्ये आता मोजक्या माद्या उरल्या आहेत. सोलापूरजवळ नान्नजला आपल्याकडेही त्याचं अभयारण्य आहे; तिथे तो दिसला तर बातमी होते.

२०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने माळढोकाच्या प्रदेशातल्या तारा जमिनीखालून न्यायला सांगितलं. कंपन्या आणि सरकार म्हणाले, एवढ्या मोठ्या प्रदेशात हे शक्य नाही, खर्चही परवडणार नाही. २०२४ मध्ये न्यायालयाने तो आदेश बदलला आणि तज्ज्ञांची समिती नेमली.

हे वाचून कुणी म्हणेल, मग पवनचक्क्या नकोतच. मला हे पटत नाही. सकाळी गॅस पेटवण्याआधी आपण बर्नरवरून पुंजणी फिरवतो. मुंगी असेल, कुंथवा असेल, म्हणून. त्यासाठी कुणी चूल बंद ठेवत नाही, आणि चूल पेटवायचीच आहे म्हणून पुंजणी सोडतही नाही. यालाच आपण जयणा म्हणतो. मग पवनचक्की उभारण्याआधी पुंजणी कुणी फिरवायची? पक्षी कुठून उडतात ते आधी बघा, तिथे तार जमिनीखालून न्या, जमत नसेल तर दुरून दिसतील अशा फिरत्या चकत्या तारांना लावा. खर्च वाढेल, वीज थोडी महागही होईल. मग होऊ दे. पांजरापोळीच्या गाईंसाठी जीवदया खात्यात हजारो लिहिताना आपण असा हिशोब करतो का?

आणि हे दूरच्या कुणा कंपनीचं प्रकरण नाही. आपल्या घरांतले पुरुष या कंपन्यांचे शेअर घेतात, कंत्राटं घेतात, जमिनी मिळवून देतात. जेवणाच्या टेबलावर परतावा किती, हे विचारलं जातं. तारा जमिनीवरून की खालून, हे विचारलेलं मी अजून ऐकलं नाही.

दुसरी गोष्ट घरातलीच. सरकारच्या योजनेत तीन किलोवॅटच्या पॅनेलवर ७८,००० रुपये अनुदान मिळतं. जरूर घ्या. पण पॅनेल लागल्यावर ‘वीज फुकटच आहे ना’ म्हणत ए.सी. दुपारभर रिकाम्या खोलीत चालतो, त्याला माझ्या मते अनर्थदंडच म्हणायला हवं. चौदा नियम धारताना आपण तेउकायाची मर्यादा ठेवतो, इतकेच दिवे, इतकेच स्विच. त्या मर्यादेत वीज कोळशाची की उन्हाची असा भेद नाही. उन्हाच्या पॅनेललाही कुठेतरी जमीन लागते, काच लागते, कारखान्याची भट्टी लागते.

ज्यांच्या सासर-माहेरची कच्छमध्ये वडिलोपार्जित जमीन आहे, त्यांच्याशी थोडं वेगळं बोलायचं आहे. पवनचक्कीच्या भाडेकराराचा कागद आला आणि वारस म्हणून तुमचीही सही लागणार असेल, तर ‘इथे सही कर’ म्हटल्यावर लगेच पेन उचलू नका. नकाशा मागा. आपल्या शेतातून निघालेली तार पुढे कुठून जाते, ते बोट ठेवून दाखवायला सांगा.