नाक मुठीत धरून

आमच्या घरात गजराचं घड्याळ नाही, माझ्या शिंका आहेत. गणपती गेले की आठवड्याभरात सुरू होतात. पहाटे साडेपाचला पहिली, आणि पुढच्या मोजायचं काम अत्तींचं. अत्ती म्हणजे माझ्या सासूबाई. माहेर धारवाडचं, बोलणं कानडी, वय ब्याऐंशी, कान मात्र विशीतले. एक शिंक आली तर घराबाहेर पडू नये, दोन आल्या तर निघावं, असा त्यांचा हिशोब. सलग तेरा आल्या तर काय करावं, हे मात्र त्यांच्या आईनं त्यांना सांगून ठेवलेलं नाही.

दोष आमच्या घरामागच्या रिकाम्या प्लॉटचा. तिथं कमरेएवढं गाजर गवत उभं असतं. आपण त्याला काँग्रेस गवत म्हणतो, अत्ती काँग्रेस गिडा म्हणतात. गवत एकच, शिंकही एकच. १९५५ च्या सुमारास ते पहिल्यांदा पुण्यात दिसलं आणि तिथून देशभर पसरलं. बंगळुरात त्याच्या परागांवर संशोधन झालं. १९९१ साली ते प्रसिद्ध झालं तेव्हा शहरातल्या सुमारे सात टक्के लोकांना या परागांमुळं नाकाची ॲलर्जी असल्याचं त्यात म्हटलं होतं. हे गवत खाणारे मेक्सिकोचे भुंगेरेही १९८४ साली बंगळुरातच सोडले होते. ते पावसाळ्यात पानं खातात खरे, पण माझ्या प्लॉटातलं गवत त्यांना पुरून उरतं.

तर दोन वर्षांपूर्वी एका मोठ्या दवाखान्यात नाक दाखवायला गेले. डॉक्टरांनी आत बॅटरी मारून पाहिलं आणि विचारलं, "आमच्याकडे नाकात मारायच्या फवाऱ्याचा अभ्यास चालू आहे, भाग घेणार का?" शेजारी बसलेल्या मुलीनं चौदा पानांचा कागद पुढं केला. एक प्रत इंग्रजीत, एक कानडीत.

मैत्रिणींनो, माझं कानडी लग्नानंतरचं आहे. भाजीवाल्याशी भांडण्यापुरतं ते उत्तम आहे. अत्तींशी गेली चौतीस वर्षं त्यातच संसार चाललाय. पण "आपल्या शरीरावर होऊ शकणारे अनपेक्षित परिणाम" हे काही मी भाजीवाल्याशी बोलत नाही. मी म्हटलं, मराठीतला कागद द्या. मुलगी हसून म्हणाली, "आंटी, कानडी छान बोलता की! आणि अंकलना वाचता येतं ना?" आमच्या ह्यांना येतं, ते कानडी शाळेत शिकलेले. त्यांनी तिथंच चष्मा लावून वाचायला सुरुवातही केली. पण नाक माझं, सही माझी, आणि वाचणार हे? मी कागद पिशवीत घातला आणि घरी आले.

घरी वेगळंच रामायण. अत्तींनी "प्रयोग" एवढा एकच शब्द ऐकला आणि म्हणाल्या, "नी एन इलीयेन?" तू काय उंदीर आहेस? ह्यांचं म्हणणं, मराठीचा हट्ट धरला तर उगाच त्याला सीमाप्रश्नाचा वास येईल. मला त्यात कसलाच वास येत नव्हता. नाक चोंदलेलंच होतं. पुण्याच्या मुलानं फोनवर सांगितलं, "आई, तुझं बरोबर आहे. २०१९ च्या औषध चाचण्यांच्या नियमांतच आहे, माहिती भाग घेणाऱ्याला समजेल अशा सोप्या भाषेत दिली पाहिजे." अभ्यासाचा नोंदणी क्रमांक कागदावर होता. २००९ पासून आपल्याकडे अशी प्रत्येक औषध चाचणी सरकारी नोंदवहीत आधी नोंदवावी लागते आणि ती नोंदवही कुणालाही पाहता येते. त्यानं तीही उघडून पाहिली. मी पुन्हा दवाखान्यात गेले आणि शांतपणे मागणी केली. भांडले नाही. डॉक्टर जरा ओशाळले. भाषांतर झालं तरी ते नैतिकता समितीकडून मंजूर करून आणावं लागतं म्हणे. त्यात तीन आठवडे गेले आणि माझ्या तीन-चारशे शिंका.

शेवटी मराठी कागद आला. पहिल्याच पानावर शब्द: "यादृच्छिक". मला वाटलं एखाद्या ऋषींचं नाव असावं. ह्यांना विचारलं, तर म्हणाले कानडी कागदावरही तोच शब्द आहे, यादृच्छिक! सीमेच्या दोन्ही बाजूंना एकच शब्द, आणि दोन्हीकडे कुणालाच कळत नाही. मग त्या मुलीनंच सोडवून सांगितलं. आंटी, भिशीची चिठ्ठी कशी काढता? तसंच. कुणाला कुठला फवारा मिळणार हे चिठ्ठीनं ठरतं. डॉक्टरांच्या मर्जीनं नाही, तुमच्याही नाही. निम्म्या लोकांना औषधाचा फवारा, निम्म्यांना दिसायला, वासाला तसाच पण औषध नसलेला. कुणाला काय मिळालं हे डॉक्टरांनाही ठाऊक नसतं.

अत्तींना मी हे कानडीत समजावलं. त्यांनी क्षणात नाव ठेवलं: "सुळ्ळ औषध." खोटं औषध. आणि विचारलं, खोटं औषध द्यायचंच कशाला? प्रश्न चोख होता. मलाही तोच पडला होता, म्हणून मी जरा वाचत बसले.

परागांच्या ॲलर्जीवर लस टोचायची कल्पना लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयातल्या लेनर्ड नून यांची, १९११ सालची. गवताच्या परागांचा अर्क थोडा थोडा वाढवत टोचायचा. लोकांना गुण येऊ लागला आणि ती पद्धत रूढ झाली. पण गुण लसीचा की ऋतू सरल्याचा, हे नीट तपासायला १९५४ साल उजाडावं लागलं. त्याच रुग्णालयातल्या विल्यम फ्रँकलँड यांनी आपल्या सहकाऱ्यांबरोबर काहींना अर्काची लस दिली, काहींना नुसतीच सुई. लस मिळालेल्यांना पुष्कळच जास्त गुण आला, म्हणजे लस खरी ठरली. पण नुसती सुई मिळालेल्यांतल्याही सुमारे एक तृतीयांश लोकांनी "बरं वाटलं" असं सांगितलं! हे फ्रँकलँड पुढं १०८ वर्षं जगले, २०२० साली गेले.

हा एक तृतीयांश मी अत्तींना बोटांवर दाखवला. तीन शिंकऱ्यांतला एक सुळ्ळ औषधानंही बरा होतो. मग खऱ्या औषधाची परीक्षा कशाशी करणार? त्या काही बोलल्या नाहीत. पण हैदराबादला मृगाला माशातून दम्याचं औषध देतात, तिथं जाऊन आलेल्या त्यांच्या बहिणीची गोष्ट त्यांनी त्या दिवशी सांगितली नाही. एरवी दम्याचा विषय निघाला की ती यायचीच.

वाचता वाचता माझीही पंचाईत झाली. धुळीतल्या किड्यांसाठी म्हणून मी घरातल्या सगळ्या गाद्या-उशांना महागातले घट्ट विणीचे अभ्रे घातले होते. कौदीलासुद्धा, म्हणजे आपली वाकळ हो. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नाकाच्या ॲलर्जीचे २७९ रुग्ण घेतले होते. काहींना असे अभ्रे, काहींना साधे. खास अभ्र्यांनी गादीतला किड्यांचा अंश कमी झाला, पण नाकाच्या त्रासात दोन्ही गटांत फरक दिसला नाही. नुसत्या अभ्र्यांवर भागत नाही, एवढंच. तो खर्च मी ह्यांना अजून सांगितलेला नाही, आता वाचतील. आणि पर्समधली सर्दीची गोळी? तिच्यातलं फेनिलएफ्रिन तोंडावाटे घेतलं तर चोंदलेलं नाक मोकळं करत नाही, असा निर्वाळा अमेरिकेतल्या औषध प्रशासनाच्या तज्ज्ञ समितीनं २०२३ साली दिला. तिच्यातल्या बाकीच्या औषधानं झोप मात्र छान लागते.

मी सही केली. मराठीत. आपल्याला कधीही, कारण न सांगता, बाहेर पडता येईल आणि त्यामुळं पुढचे उपचार थांबणार नाहीत, हे वाक्य मी दोनदा वाचून घेतलं. चार आठवडे रोज सकाळ-संध्याकाळ वही भरायची होती: शिंका, वाहणं, खाज, चोंदणं, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण. अगदीच असह्य झालं तर घ्यायला साधी ॲलर्जीची गोळी दिली होती, पण ती घेतली की वहीत लिहायची. अत्तींचा मोजणीचा अनुभव दांडगा. मी "एक" लिहायला लागले की त्या आतून ओरडायच्या, "दोन लिही!" पहिल्या आठवड्यात काही नाही. दुसऱ्यात शिंका आठांवर आल्या. तिसऱ्यात एका सकाळी मी सव्वासहाला उठले, आणि घरात सगळ्यांना उशीर झाला.

मला काय मिळालं होतं, खरं की सुळ्ळ? शेवटचा रुग्ण संपेपर्यंत चिठ्ठ्या उघडायच्या नाहीत असा नियम आहे. नाकात मारायच्या स्टिरॉइडचा फवारा गोळ्यांपेक्षा सरस ठरतो, हे १९९८ सालीच सोळा अभ्यास एकत्र करून दाखवलेलं आहे, म्हणून माझा कौल खऱ्याकडे. पण तोवर दिवाळी आली होती, प्लॉटातलं गवतही वाळलं होतं. ते निम्मं श्रेय मागू शकतं.

गेल्या महिन्यात अत्तींना नेलं. त्यांना पावसाळ्यात मधूनमधून दम लागतो, तेवढ्यापुरता निळा पंप ओढतात. डॉक्टरांनी तो काढून घेतला आणि सूज उतरवणारं औषधही असलेला, दोन औषधांचा पंप दिला. २०१९ पासून नुसत्या निळ्या पंपावर राहू नये असंच सांगतात, कारण त्यानं श्वास मोकळा होतो, पण आतली सूज तशीच राहते. अत्तींनी पंप उलटासुलटा करून पाहिला आणि डॉक्टरांना कानडीत विचारलं, हे किती जणांवर पाहिलंय? चिठ्ठी टाकली होती का? डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले. मी खाली बघितलं. मग त्यांनी खुर्ची जवळ ओढून सांगितलं, सौम्य दम्याच्या लोकांवरचे दोन मोठे अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाले, दोन्ही मिळून आठ हजार माणसं, सगळी चिठ्ठ्या टाकून. त्यातल्या एका अभ्यासात, नुसता मोकळं करणारा पंप ओढणाऱ्यांच्या मानानं, हा पंप गरजेपुरता ओढणाऱ्यांत दम्याचे मोठे झटके निम्म्याहून कमी झाले.

अत्तींनी मान डोलावली. घरी येताना रिक्षात मला विचारलं, "निंद चीटी तगदारेन?" तुझी चिठ्ठी काढली का त्यांनी?

अजून नाही, म्हटलं.